नाक गळणाऱ्या मुलींनी हॉलमध्ये बसावे

कॉन्व्हेंटच्या मुलींचे गणवेश शिवण्यात आईचा अर्धा जन्म गेला होता. त्या अर्ध्या जन्मात तिने कापडाला जितके टाके घातले असतील, त्याहून जास्त शिव्या मनातल्या मनात शिस्तीच्या सिस्टरना घातल्या होत्या. स्कर्ट गुडघ्याच्या खाली हवा, चुण्या पुढे तेवढ्याच मागे, कॉलरचं वरचं बटण लागलंच पाहिजे. इथवर ठीक होतं. खरा छळ होता तो शिवणीतल्या कापडाचा. ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना आत चांगलं दोन बोटं कापड सोडायचं आणि ते अजिबात कापायचं नाही, असा सिस्टरचा नियम होता. गणवेश उलटा करून लाकडी फूटपट्टीने त्या ते मोजत, आणि म्हणून शाळेत पिढ्यान् पिढ्या त्यांचं नाव फूटपट्टी असंच चालत आलं होतं.

"एवढं चांगलं कापड आत कोंडून ठेवायचं, आणि ब्लाउज जाड दिसतो म्हणून आयांची बोलणी मी खायची," असं आई मशीनला सांगत असे. मशीन ऐकून घेत असे. घरात तेवढं एकच ऐकून घेणारं होतं.

त्या दुपारी आई आपल्याच लेकीचा ब्लाउज उलटा करून बसली होती. लेक नववीत होती. गेलं जवळजवळ वर्षभर ती शाळेत गेली नव्हती. तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा आईने आपली एक तिला दिली. ऑपरेशन निभावलं, पोर वाचली, पण औषधांनी तिचं अंग आणि चेहरा असा काही सुजला की जुना ब्लाउज अंगात शिरेना. आईने बाजूची शिवण उसवली, आतलं कोंडलेलं कापड मोकळं केलं, नवी टीप मारली. ब्लाउज पोरीला बरोब्बर बसला, जणू आजच माप घेऊन शिवला असावा.

"चला, फूटपट्टीचा एक तरी उपकार झाला म्हणायचा," आई पुटपुटली. पण ते तिने फार मोठ्याने म्हटलं नाही.

लेक आरशासमोर उभी राहिली आणि लगेच बाजूला झाली. हिचं वर्गातलं नाव रेडिओ. बालवर्गापासून हिने तोंड मिटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. प्रगतीपुस्तकावर दर वेळी एकच शेरा असायचा, 'हुशार आहे, पण बडबडते.' दरवर्षी त्या शेऱ्यावरून आई तिला रागवायची. आता या घरात गेले कित्येक महिने इतकी शांतता होती की बेकरीतली पहाटपाळी करून झोपलेले बाबासुद्धा त्या शांततेने जागे व्हायचे. सुरुवातीला मैत्रिणींचे फोन यायचे. हिने उचलणं बंद केलं. मग फोन यायचे थांबले, आणि ते थांबले म्हणून ही भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. कुणी काही बोलायला गेलं तर, "त्यांना काय पडलंय माझं," एवढंच.

"एक दिवस जाईन," ती आरशाकडे पाठ करून म्हणाली. "तू आणि डॉक्टर मागे लागलात म्हणून. एकच दिवस. नाही जमलं तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही. घरी बसून बाहेरून परीक्षा देईन. कबूल?"

"अगं पण..."

"कबूल की नाही?"

"कबूल," आई म्हणाली. तिची लेक हट्टी होती. ती बोलली की बोलली. सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं.

आता हा दिवस सोपा जावा म्हणून आई आदल्या आठवड्यात फूटपट्टी सिस्टरना भेटून आली होती, आणि तापून घरी आली होती. सिस्टरनी एक शब्द सहानुभूतीचा काढला नाही. पेन घेऊन त्या प्रश्न विचारत बसल्या. औषधं कोणती? कधी? सर्दी झालेल्या माणसाजवळ बसलं तर काय होईल? पाणी कुठलं? चॅपलमध्ये गर्दी चालेल का? आता साधी सर्दीही पोरीला महागात पडेल, अशी उत्तरं आई देत गेली आणि तिला वाटत गेलं की या बाईला पोर नको आहे, ही कारण शोधते आहे.

"सिस्टर, जबाबदारी नको असेल तर सरळ सांगा," ती शेवटी म्हणाली. "आडून आडून कशाला?"

सिस्टरनी चष्म्यातून वर पाहिलं. "दप्तरात औषध ठेवायला आमच्या शाळेत परवानगी नाही. तुमच्या मुलीलाही नाही."

"अहो, पण तिची दुपारची गोळी..."

"गोळी माझ्या कपाटात राहील. दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली की मी स्वतः घेऊन येईन. ती घंटा या शाळेत अजून चुकलेली नाही. आणि तिला पहिल्या दिवशी घंटा झाल्यावर आणा. सगळ्या मुली आपापल्या वर्गात गेल्यावर. आधी नको."

आई उठली ती धन्यवादही न म्हणता. घंटा झाल्यावर आणा! म्हणजे चोरासारखं, कुणाला दिसू नये असं. बाबांना तिने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असेल काहीतरी कारण." बाबांना सगळ्याच गोष्टींत काहीतरी कारण दिसायचं, आणि म्हणून त्यांच्याशी भांडायलाही मजा यायची नाही.

तो दिवस उजाडला. घंटा होऊन गेल्यावर मायलेकी फाटकातून आत शिरल्या. शाळेची इमारत चौकोनी, मधे मोकळं अंगण, अंगणात निळ्या वस्त्रातली मारियामातेची मूर्ती. आईला त्यांची प्रार्थना येत नव्हती. तिने जाता जाता मूर्तीकडे बघून, 'बाई, तूही आई आहेस, जरा लक्ष ठेव,' एवढं मनात म्हणून घेतलं. लेकीने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला होता. जिन्यावर तिने आईचा हात धरला, तो इतका घट्ट की आईची बोटं दुखली, पण आईने सोडवून घेतली नाहीत.

नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. दार उघडं होतं. लेक दारात थांबली.

वर्ग रिकामा होता.

बाकं ओळीने मांडलेली, फळ्यावर तारीख लिहिलेली, भिंतीवर क्रूस आणि त्याखाली नियमांचा तक्ता. मुलगी एकच. शेवटच्या बाकावर, सगळ्या जिला पोटदुखी म्हणत, ती बसली होती. हिचं खरं नाव तिच्या आईलाही आठवावं लागायचं, कारण गणिताचा तास आला की हिच्या पोटात कळ यायचीच आणि ही सिकरूममध्ये जाऊन आडवी व्हायचीच. रेडिओला पाहताच ती उडी मारून उठली, दोन्ही हात वर करून धावत आली, आणि उंबऱ्याशी येऊन खिळली. घंटेनंतर परवानगीशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि कॉरिडॉरमध्ये आवाज करायचा नाही. हे दोन नियम तिच्याही हाडीमाशी खिळले होते.

पण तोवर लेक वळलीसुद्धा होती. "बघितलंस?" तिचा आवाज मास्कमधून फाटका येत होता. "बघितलंस ना आई? एकही नाही. मी येणार म्हणून एकही आली नाही. चल. घरी चल."

आईची सगळी कमाई त्या एका क्षणात पाण्यात गेली असं तिला वाटलं. आणि मग, दुःख झालं की ज्यांना राग येतो अशा माणसांच्या जातीची असल्यामुळे, तिला भयंकर राग आला. कॉरिडॉरच्या टोकाकडून फूटपट्टी सिस्टर येत होत्या. धावायचं नाही असा नियम असल्यामुळे त्या धावत नव्हत्या, पण त्यांचा पांढरा झगा धावत होता.

"सिस्टर!" आईने नियम वगैरे काही पाहिला नाही. ती ओरडलीच. "काय केलंत तुम्ही? मला म्हणालात घंटा झाल्यावर आणा. हे बघायला? पोरींना काय सांगून ठेवलंत, हिच्यापासून लांब राहा? अहो, ती एका दिवसासाठी आली होती. एकच दिवस म्हणाली होती. तो चांगला गेला असता तर उद्या आली असती. आता ती आयुष्यात इथे पाऊल टाकणार नाही. तुमचे नियम तुम्हाला लखलाभ!"

सिस्टर पोचल्या. दम लागला होता. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग एक गोष्ट घडली जी शाळेच्या इतिहासात कुणी पाहिली नव्हती. त्यांनी मान खाली घातली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझी एकटीची. मी या वर्गापुरता एक नवा नियम केला. जिला सर्दी, खोकला, ताप, काहीही असेल तिने फाटकावर सांगायचं. तिने या वर्गात बसायचं नाही, समोर हॉलमध्ये बसायचं, आणि तो दिवस हजेरीत धरला जाणार नाही. आज सकाळी मी फाटकावर उभी राहून एकेकीला विचारत होते, म्हणून तुम्हाला उशिरा यायला सांगितलं. आधी सगळ्यांची नाकं बघून व्हायला हवी होती."

"मग?"

"मग काय! तुम्हाला माहीत नाही का या मुली? वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलीला आम्ही पदक देतो. त्या पदकापायी अंगात ताप घेऊन येतात आणि कपाळाला हात लावला तर म्हणतात, सिस्टर, आज ऊन फार आहे. मला वाटलं, दोघी-तिघी कबूल करतील, बाकीच्या लपवतील, त्यांना मी पकडीन." सिस्टरनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "पहिली आली, म्हणाली, सिस्टर, मला काल शिंक आली. दुसरी म्हणाली, घसा खवखवतोय असं वाटतंय. तिसरी म्हणाली, मला काही नाही, पण माझ्या लहान भावाचं नाक गळतंय, मी त्याच्याजवळ झोपते. एकीने तर सांगितलं की आपल्याला शिंक येणार होती, पण आली नाही. एवढ्या वर्षांत माझ्याशी एवढं खरं कुणी बोललं नव्हतं. मी प्रत्येकीला हॉलमध्ये पाठवत गेले. नियम तर माझाच. शेवटी बघते तर वर्गाला फक्त ही एकच उरली."

"मला काहीच होत नाहीये, सिस्टर," पोटदुखी उंबऱ्यावरून अभिमानाने म्हणाली. "मी घरूनच तपासून आले. पोटसुद्धा दुखत नाहीये."

"नियम करताना मी सगळ्याचा विचार केला होता," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मुली तो पाळतील, याचा तेवढा केला नव्हता."

लेक अजून जिन्याकडे तोंड करून उभी होती. "खोटं," ती म्हणाली. "तुम्ही माझी समजूत काढताय."

सिस्टरनी वाद घातला नाही. त्या वर्गात गेल्या आणि अंगणाकडच्या खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. "ये इकडे," त्या म्हणाल्या. तो आवाज तोच नेहमीचा, फूटपट्टीचा होता. त्या आवाजाला नाही म्हणायची सवय या शाळेत कुणालाच नव्हती. लेक आली.

अंगणापलीकडे समोरच हॉल होता. त्याच्या लांबलचक खिडक्यांशी अख्खा वर्ग दाटीवाटीने उभा होता. कुणी रुमालाने नाक धरलेलं, कुणी गळ्याला मफलर गुंडाळलेला, कुणी दुसरीच्या खांद्यावर चढून पुढे वाकलेली. सगळ्यांचे डोळे याच खिडकीवर. ओठ मात्र घट्ट मिटलेले, कारण आवाज करायचा नाही असं त्यांना बजावलेलं होतं. त्या कोंडलेल्या आवाजाने त्यांचे चेहरे लालबुंद झाले होते. ते बघून आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या सगळ्या पोरी! पदकावर पाणी सोडून, आपण होऊन बाजूला झालेल्या.

सिस्टर खिडकीशी आल्या. एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे पाहिलं.

"कॉरिडॉरमध्ये ओरडायचं नाही असा नियम आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या, पलीकडे ऐकू जाईल इतक्या. "खिडकीतून ओरडण्याबद्दलचा नियम मला अजून लिहायचा आहे. उद्या लिहीन."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं.

"रेडिओओओ!"

इमारतीवरची कबुतरं उडाली. खालच्या वर्गांतल्या बाया बाहेर डोकावल्या. त्या आरोळीत हॉलमधल्या अर्ध्याअधिक मुली खोकल्या, पण ओरडायच्या थांबल्या नाहीत. फोन का नाही उचललास? गणिताच्या वहीत तुझ्यासाठी सगळं उतरवून ठेवलंय! तुझ्या जागेवर आम्ही कुणाला बसू दिलं नाही! एकीचं वाक्य दुसरीच्या वाक्यात घुसत होतं, आणि कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं.

लेक खिडकीच्या चौकटीला धरून उभी होती. आईला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. आपणच उसवून पुन्हा शिवलेली ब्लाउजची शिवण थरथरत होती. पोरगी रडते आहे असं आईला वाटलं. ती पुढे होणार, तेवढ्यात लेकीने मोठा श्वास घेतला आणि अंगणापलीकडे सगळा जीव एकवटून ओरडली,

"अगं, एकेकीने बोला ना गं! काही कळत नाहीये!"

तो आवाज आईने वर्षभर ऐकला नव्हता. ती मागच्या बाकावर मटकन बसली. सिस्टरनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, आणि आई दोनच शब्द बोलू शकली, "माफ करा." सिस्टर म्हणाल्या, "पाणी प्या. आणि मग निघा, पालकांना तासाला बसायची परवानगी नाही."

घरी येऊन आईने मशीन उघडलं, पण दोरा काही सुईत जाईना. सकाळ छान झाली, पण सकाळ म्हणजे अख्खा दिवस नव्हे. पोर दमली असेल तर? आरशात बघून ती स्वतः बाजूला झाली, तसं तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी बाजूला झालं तर? दुपारी लांबून प्रार्थनेची घंटा ऐकू आली तशी आई उठून उभी राहिली. आत्ता गोळी. आत्ता सिस्टर कपाट उघडत असतील. ज्या बाईला आपण वर्षानुवर्षं बोल लावले, तीच आत्ता आपल्या लेकीपुढे पाणी घेऊन उभी असेल, या विचाराने तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा बरं जास्त वाटलं. मनावरचा एक दगड कुणीतरी दुसऱ्या टोकाने उचलून धरल्यासारखं.

शाळा सुटायच्या आधीच ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. लेक बाहेर आली ती एकटी नव्हे. बरोबर फूटपट्टी सिस्टर, थोडं अंतर ठेवून, चेहरा दगडासारखा.

"तक्रार आहे," सिस्टर म्हणाल्या.

"काय झालं? तिला काही..."

"गणिताच्या तासाला बोलत होती. समज दिली. पुन्हा बोलली. त्या पोटदुखीलाही बोलायला लावलं. नंतर खिडकीतून समोरच्या हॉलला उत्तरं सांगत होती, तीही चुकीची. असलं वागणं या शाळेत चालत नाही. म्हणून शिक्षा."

"सिस्टर, अहो बाकीच्याही बोलत होत्या!" लेक उसळली. मास्कच्या वर तिचे डोळे रागाने चमकत होते. "माझं एकटीचंच नाव! आई, तू सांग ना त्यांना, हा अन्याय आहे!"

"बोलायची एवढी हौस आहे ना," सिस्टर तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मग उद्यापासून आठवडाभर सकाळची प्रार्थना तिने ऑफिसातल्या माईकवरून वाचायची. सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी. पहिल्या घंटेच्या आधी हजर पाहिजे. शिक्षा चुकवलेली मला चालत नाही."

आईने सिस्टरकडे पाहिलं. सकाळी आपणच ओरडून सांगितलं होतं, एकच दिवस म्हणाली होती म्हणून. सिस्टरनी ते ऐकून ठेवलं होतं. वर्षभरात डॉक्टर, शेजारी, नातेवाईक सगळे या पोरीशी कापसात गुंडाळून बोलले होते. तिच्याबद्दल तक्रार करायची हिंमत कुणाला झाली नव्हती. आई पुढे होऊन सिस्टरचा हात धरायला गेली, तशा सिस्टर झटकन मागे सरकल्या.

"लांब राहा," त्या म्हणाल्या. "दुपारची गोळी दिली आणि त्यानंतर घसा खवखवायला लागला. तेवढी नाकं तपासल्यावर दुसरं काय होणार? तेव्हापासून मीही हॉलमध्येच बसले आहे."

आईने हात जोडले. जन्मात कुणाला जोडले नसतील इतके मनापासून. "फार उपकार झाले सिस्टर," ती म्हणाली. "अशीच शिक्षा करत जा तिला."

"करणारच," सिस्टर म्हणाल्या, आणि रुमालात खोकत आत निघून गेल्या.

वाटभर रेडिओ बंद झाला नाही. कोण काय म्हणाली, कुणाची शिंक खरी आणि कुणाची उसनी, पोटदुखीला गणित येतं हे आजवर कुणालाच कसं माहीत नव्हतं, हॉलमधल्या कोणत्या मुली परवा परत वर्गात येणार, आणि फूटपट्टी किती दुष्ट आहे. आई नुसतं हं हं करत होती. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या बाईने विचारलं, कशी आहे पोर? आई म्हणाली, "बडबडते हो फार." आणि हे सांगताना तिचा ऊर भरून आला.

घराच्या दारात लेक थांबली. "आई, उद्या लवकर उठव मला. उठव म्हणजे उठवच. नेहमीसारखं 'झोपू दे बिचारीला' करत बसू नकोस."

"बिचारी?" आई कुलूप काढत म्हणाली. "तू कुठली बिचारी? तुला तर शिक्षा झालीय."